जुन्या डुकाटीची घरगुती दुरुस्ती

डुकाटीची 900 सुपरस्पोर्ट ही मोटरसायकल नव्वदच्या दशकात कार्बोरेटरसह बनत होती. तिचा कारखाना इटलीतील बोलोन्या शहराच्या बोर्गो पानिगाले भागात आहे. गाडीला दोन सिलिंडर असून त्यांच्यामध्ये 90 अंशांचा कोन आहे. एक सिलिंडर पुढच्या चाकाकडे जवळजवळ आडवा झोपलेला, तर दुसरा उभा. इंजिन 904 सीसीचे, सिलिंडरचा व्यास 92 मिलिमीटर आणि पिस्टनची चाल 68 मिलिमीटर. दर सिलिंडरला फक्त दोन व्हॉल्व्ह, थंडावा हवेचा, जोडीला छोटा ऑइल कूलर. रेडिएटर नाही, संगणक नाही. घराच्या पडवीत किंवा पार्किंगच्या कोपऱ्यात उघडून पुन्हा जुळवता येईल अशा इटालियन स्पोर्ट गाड्यांमध्ये या गाडीचा नंबर बराच वर लागतो. भारतात ती अगदी विरळा, कारण त्या काळात डुकाटीची येथे अधिकृत विक्रीच नव्हती. युरोपात आणि अमेरिकेत मात्र ती जुन्या बाजारात मिळते, आणि तिकडे स्थायिक झालेल्या एखाद्या मराठी कुटुंबाच्या गॅरेजातही ती उभी असू शकते. साठच्या दशकात पियाजिओच्या परवान्याने बजाज व्हेस्पा बनवत असे. पुढे आलेली चेतक आडवी करून सुरू करणाऱ्या आणि प्लग काढून तारेच्या ब्रशने घासणाऱ्या पिढीला इटालियन यंत्राचे नखरे तसे ओळखीचेच आहेत.

या गाडीचे वेगळेपण तिच्या व्हॉल्व्हमध्ये आहे. बहुतेक इंजिनांत कॅम व्हॉल्व्ह उघडतो आणि स्प्रिंग तो बंद करते. डुकाटीत उघडण्यासाठी एक रॉकर आणि बंद करण्यासाठी दुसरा रॉकर असतो. या रचनेला डेस्मोड्रोमिक किंवा नुसते डेस्मो म्हणतात. फाबिओ तालिओनी हे अभियंते 1954 मध्ये डुकाटीत आले. त्यांनी ही रचना 1956 मध्ये 125 सीसीच्या शर्यतीच्या गाडीवर आणली, आणि त्याच वर्षी त्या गाडीने स्वीडनची ग्रां प्री जिंकली. त्या काळच्या स्प्रिंगा जास्त आरपीएमला कॅमच्या मागे पडत, कधी तुटतही. व्हॉल्व्हला ओढून बंद करणारा रॉकर असला की तो प्रश्नच उरत नाही. रस्त्यावरच्या गाडीत डेस्मो 1968 मध्ये आले. सत्तरच्या दशकातल्या मोठ्या डुकाटींमध्ये कॅम फिरवायला उभे शाफ्ट आणि तिरपे गिअर असत. ते दिसायला देखणे, पण जुळवायला वेळखाऊ आणि महाग. 1979 च्या पँटा मॉडेलपासून तालिओनींनी तेथे दातेरी रबरी पट्टे बसवले. 900 सुपरस्पोर्टचे इंजिन याच पँटाच्या घराण्यातले. घरी काम करणाऱ्याच्या वेळापैकी मोठा वाटा या दोन गोष्टींवर जातो: पट्टे आणि व्हॉल्व्हमधले अंतर.

काम सुरू करण्याआधी गाडी नीट उभी राहायला हवी. या गाडीचे साइड स्टँड स्प्रिंगच्या जोरावर आपोआप वर जाणारे आहे. गाडीचे वजन त्यावरून जरा हलले की स्टँड मिटते आणि गाडी आडवी पडते. कित्येक टाक्यांना पहिला पोचा असाच आलेला असतो. म्हणून मागच्या चाकाखाली पॅडॉक स्टँड हवे, पुढे दोरीचा किंवा पट्ट्याचा आधार हवा. हत्यारांत चांगल्या ॲलन की, टॉर्क रेंच, फीलर गेज, मायक्रोमीटर आणि मल्टिमीटर एवढे लागतेच. कंपनीचे वर्कशॉप मॅन्युअलही या हत्यारांच्याच यादीत धरावे. टॉर्क रेंचला पर्याय नाही, कारण इंजिनाचे धड ॲल्युमिनियमचे आणि बोल्ट पोलादाचे. सहा मिलिमीटरचा बोल्ट हाताच्या अंदाजाने थोडा जास्त आवळला की आटे बोल्टबरोबरच बाहेर येतात. गेलेले आटे हेलिकॉइल, म्हणजे पोलादी तारेची गुंडाळी, बसवून पुन्हा करता येतात आणि तो जोड मूळ आट्यांपेक्षा पक्काही होतो. त्यात शरमेचे काही नाही. ड्रिल मात्र सरळ धरावे लागते.

पहिले मोठे काम पट्ट्यांचे. दोन सिलिंडरांसाठी दोन पट्टे असतात. ते दर 20,000 किलोमीटरला किंवा दर दोन वर्षांनी, यांपैकी जे आधी येईल तेव्हा बदलायचे असतात. जुन्या गाडीत बहुतेक वेळा वर्षांचीच मुदत आधी संपते. ही गाडी वर्षाला हजार किलोमीटरसुद्धा न फिरता कापडाखाली झाकून राहिलेली असू शकते, आणि एका जागी वाकून राहिलेले रबर तेथेच चिरते. पट्टा तुटला की पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो, व्हॉल्व्ह वाकतो, आणि दोन पट्ट्यांच्या किमतीत टळले असते ते काम सिलिंडर हेड उतरवण्यापर्यंत जाते. विकत घेतलेल्या जुन्या गाडीचा इतिहास कागदावर नसेल तर पट्टे जुनेच समजावेत. सुरू करून ऐकून बघण्याचा मोह टाळावा.

पट्टे बदलताना आधी दोन्ही प्लग काढले म्हणजे इंजिन हाताने सहज फिरते. मग आडव्या सिलिंडरचा पिस्टन वरच्या टोकाला आणून पुल्यांवरच्या खुणा इंजिनावरच्या खुणांशी जुळवायच्या. खुणा बारीक असतात आणि तीस वर्षांच्या काजळीत हरवलेल्या असतात. म्हणून जुना पट्टा काढण्याआधी पट्टा आणि पुली यांवर पांढऱ्या रंगाने रेघ मारावी, दोन रेघांमधले दात मोजावेत आणि त्याच रेघा नव्या पट्ट्यावर उतरवाव्यात. नवा पट्टा घडी घालून किंवा मुरगळून ठेवू नये, त्याला ऑइलचा हात लागू देऊ नये. जुन्या पट्ट्यावर ऑइलचे डाग दिसले तर आतील सील गळत आहे. ते सील न बदलता नवा पट्टा चढवणे म्हणजे तेच दुखणे पुन्हा विकत घेणे.

पट्ट्याचा ताण इंजिन पूर्ण थंड असतानाच लावायचा. इंजिन तापल्यावर ॲल्युमिनियम फुगते, सिलिंडर वाढतात आणि पट्टा आपोआप आवळला जातो. थंड इंजिनावर तो थोडा सैल वाटला तरी चालते. जास्त आवळलेला पट्टा बेअरिंग खातो आणि स्वतःही लवकर संपतो. ताण पाहण्याची एक जुनी घरगुती रीत आहे: पट्टा आणि स्थिर रोलर यांच्या फटीत 5 मिलिमीटरची ॲलन की हलक्या हाताने सरकावी, 6 मिलिमीटरची सरकू नये. हल्ली पट्टा बोटाने छेडून, मोबाइलवर त्याच्या आवाजाची कंपनसंख्या मोजणारेही आहेत. तंबोऱ्याची तार लावावी तसाच तो प्रकार. ताण लागल्यावर इंजिन हाताने किमान दोन पूर्ण फेरे फिरवावे आणि खुणा पुन्हा तपासाव्यात. फिरवताना कोठे अडले तर जोर लावू नये. अडणे म्हणजे पट्टा एखाद्या दाताने चुकला असण्याची शक्यता. ती चूक हाताने फिरवताना सापडते तेव्हा खर्च शून्य असतो.

दुसरे मोठे काम व्हॉल्व्हचे. येथे दर व्हॉल्व्हला दोन अंतरे असतात. एक उघडणाऱ्या रॉकरचे, दुसरे बंद करणाऱ्याचे. ती अंतरे शिम नावाच्या पोलादी तुकड्यांच्या जाडीने ठरतात. उघडण्याच्या बाजूचा शिम व्हॉल्व्हच्या दांड्यावर टोपीसारखा बसतो. बंद करण्याच्या बाजूचा शिम कॉलरसारखा दांड्याभोवती असतो आणि तो दोन बारीक अर्ध्या कड्यांच्या आधाराने जागेवर राहतो. उघडण्याचे अंतर 0.10 मिलिमीटरच्या आसपास ठेवतात. बंद करण्याचे अंतर त्याहून पुष्कळ कमी, जवळजवळ शून्य ते 0.05 मिलिमीटर. हे दुसरे अंतर वाढले की गाडी चालते, पण सकाळी रडते. व्हॉल्व्ह आपल्या जागेवर पुरता टेकत नाही, स्टार्टरला वेळ लागतो आणि आयडलिंग डळमळते. अशा वेळी पुष्कळ जण कार्बोरेटरमागे लागतात आणि रविवार घालवतात.

मोजणी करताना त्या सिलिंडरचा पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला असावा. उघडणारा रॉकर आणि टोपी यांच्यामध्ये फीलर गेज घालून पहिले माप घ्यायचे. मग बंद करणारा रॉकर पेचकसने हलकेच दाबून धरायचा आणि तेच माप पुन्हा घ्यायचे. दोन मापांतला फरक म्हणजे बंद करण्याच्या बाजूचे अंतर. चारही व्हॉल्व्हची आठ मापे कागदावर लिहून झाल्याशिवाय एकही शिम काढू नये. समजा उघडण्याचे अंतर 0.16 भरले, हवे आहे 0.10, आणि काढलेली टोपी मायक्रोमीटरवर 3.00 मिलिमीटरची निघाली. तर 3.06 ची टोपी हवी. शिम 0.05 च्या टप्प्याने मिळतात, म्हणून 3.05 ची टोपी घेतली की अंतर 0.11 वर येते, आणि ते उत्तम.

टोपी काढायला उघडणारा रॉकर त्याची क्लिप काढून आपल्या दांड्यावर बाजूला सरकवावा लागतो. कॉलर काढायला बंद करणारा रॉकर खाली दाबून अर्ध्या कड्या मोकळ्या कराव्या लागतात आणि लोहचुंबकाच्या काडीने उचलाव्या लागतात. या क्षणी व्हॉल्व्हला धरून ठेवणारे काहीही उरत नाही. पिस्टन वरच्या टोकाला असेल तर व्हॉल्व्ह त्याच्या डोक्यावर टेकून राहतो. तो खाली असेल तर व्हॉल्व्ह सिलिंडरमध्ये पडतो, आणि मग हेड उतरवण्यावाचून गत्यंतर नाही. दुसरा धोका त्याहून क्षुल्लक दिसतो आणि जास्त वेळा घडतो. हेडमध्ये ऑइल खाली परतण्याचे भोक असते आणि बोटातून निसटलेली अर्धी कडी नेमकी तेथेच जाते. आधीच त्या भोकात स्वच्छ फडक्याचा बोळा कोंबावा आणि झाकण लावण्याआधी तो काढायचा आहे असे मापांच्या त्याच कागदावर मोठ्या अक्षरांत लिहावे. या कड्या कालांतराने चेपतात आणि चेपल्या की अंतर आपोआप वाढते. म्हणून हात लागलाच आहे तर त्या नव्या घालाव्यात. पहिल्यांदा हे काम करणाऱ्याने एका दिवसात एकच सिलिंडर हाती घेतला तर बरे.

या इंजिनाची आणखी एक कमकुवत जागा म्हणजे सिलिंडर हेड आवळून धरणारे लांब स्टड. नव्वदच्या दशकाच्या पूर्वार्धातल्या गाड्यांत पाणी आणि थंड देशांत रस्त्यावर टाकलेले मीठ त्यांच्याभोवती साचून ते गंजलेले आणि कधी तुटलेले आढळतात. गाडी खरेदी करतानाच टॉर्चच्या उजेडात हे स्टड पाहावेत. त्याच वेळी मागच्या ॲल्युमिनियम स्विंगआर्मचे वेल्डिंगही पाहावे. तेथे केसाएवढी चीर दिसली तर ती घासून रंगवण्याची जागा नाही, तो भागच बदलायचा.

विजेच्या बाबतीत इटालियन गाड्यांची बदनामी आहे. ती अगदीच खोटी नाही, पण बहुतेक दोष दोनचार जोडांत दडलेले असतात. बॅटरी गाडी बंद असताना 12.6 व्होल्टच्या वर असावी. इंजिन तीन-चार हजार आरपीएमवर धरल्यावर ती 13.8 ते 14.5 च्या दरम्यान जावी. त्याखाली राहिली तर आल्टरनेटरकडून रेग्युलेटरकडे जाणाऱ्या पिवळ्या वायरींचा कनेक्टर आधी उघडून पाहावा. बहुतेक वेळा त्याचे प्लास्टिक करपून तपकिरी झालेले असते. काळी पडलेली वायर स्वच्छ तांब्यापर्यंत कापून नवा जोड दिला की नवा रेग्युलेटर विकत घेण्याची वेळ पुष्कळदा येत नाही. व्होल्टेज पंधराच्या वर गेले तर मात्र रेग्युलेटर गेला आणि तो बॅटरी उकळवणार. रेग्युलेटर वारा लागेल अशा जागी हलवणे हा साधा, स्वस्त आणि खरोखर उपयोगी बदल आहे. स्टार्टरची मूळ केबल बारीक असते. जाड केबल घालून अर्थिंगचा बोल्ट घासून घेतला तर स्टार्टरच्या आवाजातला आळस जातो.

टाकी पुढच्या बाजूने सुटून मागच्या बिजागरीवर वर उचलली जाते, आणि खाली दोन मिकुनी कार्बोरेटर दिसतात, 38 मिलिमीटरचे. जपानी मिकुनी आणि पुढचे फोर्क जपानी शोवा. गाडीच्या इटालियनपणाचा अभिमान मिरवणाऱ्यांपुढे हा तपशील सहसा काढला जात नाही. बराच काळ उभ्या राहिलेल्या गाडीत आयडलिंगचे बारीक जेट पेट्रोलच्या चिकट राळेने बुजलेले असतात. ते क्लीनरने आणि हवेच्या झोताने मोकळे करावेत. त्यात तार घालून भोक मोठे करू नये. रबरी डायफ्राम उजेडासमोर धरून पाहावा. टाचणीच्या टोकाएवढे छिद्र असेल तरी ॲक्सिलरेटर दिल्यावर गाडी मिसिंग करते. शेवटी व्हॅक्यूम गेज लावून दोन्ही कार्बोरेटर सारखे उघडतात का ते जुळवायचे.

पेट्रोलबद्दल स्वतंत्रपणे सांगायला हवे. भारतातल्या पंपांवर आता 20 टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते. त्यामुळे जुन्याच जेटमधून हे पेट्रोल गेले की मिश्रण सुमारे 7-8 टक्के पातळ पडते. संगणकवाली गाडी ते स्वतः सांभाळून घेते, कार्बोरेटर घेत नाही. शिवाय इथेनॉल हवेतली ओल ओढते आणि या गाडीची टाकी लोखंडी पत्र्याची आहे. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्बोरेटर रिकामे करावेत. पेट्रोलच्या जुन्या रबरी नळ्या फुगलेल्या किंवा भेगाळलेल्या दिसल्या तर त्या इथेनॉल चालेल अशा नळ्यांनी बदलाव्यात.

क्लच कोरडा आहे, म्हणजे ऑइलमध्ये बुडालेला नाही. न्यूट्रलमध्ये उभ्या गाडीतून येणारा भांडी खुळखुळल्यासारखा आवाज हा दोष समजू नये. प्लेट भांड्याच्या खाचांत सैल हलतात, एवढेच. आवाज फार वाढला की भांड्याच्या कडांवर पडलेल्या खाचा पाहाव्यात. डाव्या बाजूचा हायड्रॉलिक क्लचचा छोटा सिलिंडर गळतो आणि मग गिअर पडेनासा होतो. तेथे नवे सील किंवा नवा सिलिंडर घालणे एका संध्याकाळचे काम. ब्रेकचे फ्लुइड दर दोन वर्षांनी बदलावे. तीस वर्षांच्या रबरी नळ्यांऐवजी स्टीलच्या जाळीच्या नळ्या घातल्या की लिव्हर बोटांखाली घट्ट लागतो.

बदल करण्याचा विचार येथून पुढे करावा, आधी नाही. व्हॉल्व्ह नीट टेकत नसलेल्या इंजिनावर महाग सायलेन्सर लावणारे पुष्कळ असतात, आणि आवाज वाढला म्हणून जोर वाढला असा त्यांचा समज होतो. या गाडीवर सर्वांत जास्त फरक पडतो तो सस्पेन्शनने. मालकाच्या वजनाला योग्य अशा फोर्क स्प्रिंगा आणि ताजे फोर्क ऑइल यांचा खर्च सायलेन्सरच्या मानाने थोडा. माणूस गाडीवर बसल्यावर पुढचे फोर्क 30 ते 35 मिलिमीटर दबावेत, हे एक चांगले सुरुवातीचे माप. मोजायला दोन मदतनीस आणि एक टेप लागते.

दुसरा बदल पुढच्या स्प्रॉकेटचा. मूळ जोडी 15 आणि 37 दातांची आहे. पुढे 14 दात घातले की सगळे गिअर सुमारे 7 टक्के लहान होतात. शहरात कमी वेगाला गाडी धक्के देते ते कमी होते आणि महामार्गावर इंजिन तेवढेच जास्त फिरते. पहाडी किंवा गर्दीच्या रस्त्यावर हा सौदा फायद्याचा.

एअरबॉक्सचे झाकण कापून हवा वाढवणे हा या गाडीवरचा सर्वांत जुना खेळ. हवा वाढली की पेट्रोलही वाढायला हवे, म्हणून मोठे मेन जेट आणि बदललेल्या सुया असा संच त्याबरोबरच घालावा लागतो. नुसते झाकण कापून थांबले तर मिश्रण पातळ पडते, इंजिन तापते आणि एग्झॉस्ट व्हॉल्व्हचे नुकसान होते. मूळ झाकण कापण्याऐवजी दुसरे जुने झाकण मिळवून ते कापावे, मूळचे माळ्यावर ठेवावे. केइहिनचे एफसीआर कार्बोरेटर लावले तर ॲक्सिलरेटरला गाडी ताबडतोब उत्तर देते. मात्र ते घरच्या घरी जमवायला महिना जातो, पेट्रोलचा खर्च वाढतो आणि थंडीत ॲक्सिलरेटर दोनदा पिळल्याशिवाय गाडी हलत नाही. हलका फ्लायव्हील इंजिनाला चपळ करतो आणि सिग्नलवर बंदही पाडतो. क्लचवरचे उघडे झाकण फक्त आवाज आणि पावसाळ्यातला चिखल आत आणते.

कायद्याकडेही पाहावे लागते. भारतात मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मुळे मूळ तपशिलाबाहेरचे बदल करता येत नाहीत, आणि कर्कश सायलेन्सरवर दंडही होतो. जर्मनीत असे बदल मान्यता घेऊन गाडीच्या कागदांवर चढवावे लागतात. स्प्रिंगा, स्प्रॉकेट, केबल, ब्रेकच्या नळ्या यांसारखे बदल काढून पूर्ववत करता येतात. चौकट कापून किंवा मागची शेपटी छाटून केलेले बदल तसे नाहीत, आणि मूळ रूपातल्या 900 सुपरस्पोर्टला जुन्या बाजारात भाव जास्त मिळतो.

काम झाल्यावर पहिली फेरी घराजवळची, वीस-पंचवीस किलोमीटरची असावी. परत आल्यावर इंजिन थंड होऊ द्यावे, मग गळती पाहावी, पट्ट्यांचा ताण पुन्हा मोजावा आणि प्लग काढून त्यांचा रंग पाहावा. फिकट तपकिरी रंग असला तर जेट बरोबर आहेत. पांढरट असेल तर मेन जेट एक क्रमांक मोठा घालून, काळा आणि काजळीचा असेल तर एक क्रमांक लहान घालून दुसरी फेरी मारावी. चाकांचे, ब्रेक कॅलिपरचे आणि इंजिनाच्या मुख्य जोडांचे बोल्ट शंभर किलोमीटरनंतर टॉर्क रेंचने पुन्हा तपासावेत आणि ती मापे, तारीख आणि किलोमीटर त्याच कागदावर लिहावेत, ज्यावर व्हॉल्व्हची आठ मापे आहेत.